चुडा आणि चार रात्री : गिरणाकाठच्या गावातल्या प्रकल्प नोंदी

१८ मे २०२५, रविवार

वही आजपासून सुरू करतेय. गाव भडगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं. गावाचं नाव लिहिणार नाही, माणसांचीही नाही.

बोलावणं आशाताईचं, म्हणजे गावच्या आशा सेविकेचं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही ते बोलण्याचं शिकवता ना, ते आमच्या गल्लीत शिकवा. बायका एकमेकींची तोंडं बघेनात." ते म्हणजे 'अहिंसक संवाद', भांडणात दोष न देता बोलण्याची आणि ऐकण्याची पद्धत.

झालं ते असं. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने हल्ले केले, आणि १० मेच्या संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. या गावातली बरीच पोरं फौजेत आहेत. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या जिजीचा मुलगा पूंछच्या बाजूला. चार दिवस त्याचा फोन लागला नाही. ११ तारखेला सकाळी बांगडीवाली चाची नेहमीप्रमाणे टोपली घेऊन आली. लग्नसराई चालू, तिच्या धंद्याचे दिवस. जिजीने तिला ओट्यावरून परत पाठवलं : "तुझ्या हातच्या बांगड्या माझ्या सुनेला नकोत." सगळी गल्ली बघत होती. मग पुढच्या घरांनीही दारं लोटली. चाचीचं सासरही इथलंच. जिजीच्या स्वतःच्या लग्नातला चुडा चाचीच्या सासूने भरला होता.

भांडण एवढंच आहे. पोलिसांत जाण्यासारखं त्यात काही नाही, कुणी कुणाला मारलं नाही. तरी आशाताईने फोन केला, आणि तिने केला म्हणूनच मी जाणार आहे. युद्ध सीमेवर थांबलं, इथे ते एका टोपलीवर येऊन बसलंय.

२५ मे

अमळनेरला नानांच्या घरी तयारीची बैठक. आम्ही तिघं : नाना (निवृत्त मुख्याध्यापक), नर्सिंग शिकणारी एक मुलगी आणि मी.

मुलीला पद्धतीचा इतिहास माहीत नव्हता, म्हणून आधी तो सांगितला. मार्शल रोझेनबर्ग हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, जन्म १९३४. लहानपणी ते डेट्रॉईटमध्ये राहायला गेले आणि त्याच १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे वांशिक दंगल पेटली. ३४ माणसं मेली, त्यातली २५ काळी. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडे ते शिकले, साठच्या दशकात अमेरिकेतल्या शाळा काळ्या-गोऱ्या मुलांसाठी एकत्र होत होत्या तेव्हा तिथले तंटे त्यांनी हाताळले, आणि त्यातून 'अहिंसक संवाद' उभा राहिला. 'अहिंसक' हा शब्द त्यांनी गांधीजींच्या अर्थाने घेतला. १९८४ मध्ये संस्था काढली. रवांडा, सर्बिया, क्रोएशिया, इस्राएल-पॅलेस्टाईन, नायजेरिया असे ते भांडणाच्या जागी जाऊन शिकवत राहिले. २०१५ मध्ये गेले.

बेथलेहेमजवळच्या धेइशे निर्वासित छावणीतला प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. तिथल्या मशिदीत ते सुमारे १७० पुरुषांसमोर बोलायला उभे राहिले. आदल्या रात्री छावणीत अश्रुधुराची नळकांडी पडली होती आणि त्यांवर अमेरिकेत बनल्याची खूण होती. समोरचा एकजण उठला आणि ओरडला, "खुनी!" रोझेनबर्ग यांनी आपली बाजू मांडली नाही, मी तसा नाही असंही म्हटलं नाही. त्या माणसाला राग कशाचा आहे, माझ्या सरकारने आपला पैसा दुसऱ्या कशावर खर्च करावा असं त्याला वाटतंय का, हे ते विचारत गेले. तो बोलत गेला : पोरगा आजारी, उघड्या सांडपाण्यात खेळतो, शाळेत पुस्तकं नाहीत. तासाभराने त्याच माणसाने त्यांना घरी रमजानचं जेवायला बोलावलं.

मुलीने विचारलं, "पण नळकांडी पडायची थांबली का?"

नाही थांबली. मी तसंच सांगितलं. या पद्धतीने सरकारं बदलत नाहीत, आणि ते लपवून शिकवायला जाऊ नये.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार. साने गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे. रणांगणावरचा संवाद तो, आणि आपल्यापर्यंत पोचला कारण ऐकणारा तसा होता. तुम्ही बोलायला शिकवायला निघालात. ऐकायचं कोण शिकवणार?"

हे मी वहीच्या पहिल्या पानावर वेगळं लिहून ठेवलं आहे.

८ जून

पहिली बैठक, शाळेच्या व्हरांड्यात. फसली. का फसली ते नीट लिहायला हवं.

मी छापील कागद नेले होते. चार पायऱ्या : निरीक्षण, भावना, गरज, विनंती. मराठी प्रशिक्षणांत हेच शब्द वापरतात, मीही वर्षानुवर्षं वापरलेत. कागद हातोहात फिरले, दोघींनी त्याने वारा घेतला. 'भावना' म्हटल्यावर सगळ्या गप्प. 'गरज' म्हटल्यावर जिजी ताडकन म्हणाली, "मी काय गरजू शे का?"

बरोबर होतं तिचं. आपल्याकडे गरजू म्हणजे दारात हात पसरून उभा असलेला. ज्या बाईने चार एकर कोरडवाहूवर दोन पोरं वाढवली, तिला तुमची गरज काय असं विचारणं म्हणजे अपमान. सन्मान, सुरक्षितता, आपलेपणा हे सगळं त्या शब्दात बसतं, असं पुस्तकी समजावून सांगत बसले तर तो व्याख्यानाचा तास झाला.

तिनेच तोड काढली. "असं इचार ना, तुले काय जोयजे?"

घरी येताना गाडीत नानांनी चारही पायऱ्या अहिराणीत बांधल्या : काय दिखनं, काय वाटनं, काय जोयजे, काय मांगनं. छापलेले कागद आता नेणार नाही.

पद्धतीतली दोन बोलकी जनावरंही सोडून दिली. रोझेनबर्ग जिराफ आणि कोल्ह्याच्या बाहुल्या वापरत. जिराफाचं हृदय मोठं, म्हणून तो प्रेमाच्या भाषेचा, आणि दोष देणारी भाषा कोल्ह्याची. इथे जिराफ कुणी पाहिलेला नाही आणि कोल्हा म्हणजे लबाड, तोडून बोलणारा नव्हे. बाहुल्या पिशवीतच राहिल्या.

१५ जून

कोणी आलं नाही. रात्री पाऊस झाला होता, सकाळपासून सगळ्या शेतात. आम्हीही आशाताईच्या वावरात दुपारपर्यंत सरकी टोचली. बैठक नाही.

२९ जून

आज काम झालं.

गल्लीत एक गोष्ट पक्की धरलेली आहे : "९ तारखेच्या रात्री त्यांच्या मोहल्ल्यात फटाके वाजले." जिजीच्या रागाचं मूळ हेच. मी ते खोडायचं नाही असं ठरवून गेले होते. फक्त पहिली पायरी घ्यायची, काय दिखनं.

नर्सिंगवाल्या मुलीने खडूने फरशीवर तीन चौकोन काढले : डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, कुणी सांगितलं. प्रत्येकीने एक कापसाचं बोंड घ्यायचं (आशाताईने मागच्या हंगामातली वाळकी बोंडं पिशवीभर आणली होती) आणि आपल्या चौकोनात ठेवायचं. तिसरा चौकोन भरला. दुसऱ्यात पाच बोंडं पडली. पहिला रिकामा राहिला.

कुणी काही बोललं नाही. सगळ्या त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होत्या.

मग दुसऱ्या चौकोनातल्या पाचजणींना विचारलं : आवाज कुठून आला? दोघी म्हणाल्या मोहल्ल्याकडून. तिघी म्हणाल्या नदीकडून. मोहल्ला नदीच्याच अंगाला आहे. मोबाईलवर आलेला मजकूर कुणाकडून कुणाकडे गेला हे शोधायला लागलो तेव्हा तो गल्लीतल्याच एका पोरापाशी जाऊन थांबला, आणि त्यालाही तो बाहेरून आलेला. तेवढ्यात आशाताई हळूच म्हणाली, "त्या रातले नदीपलीकडे हळद होती. मी जेवायला गेले होते. वरात निघाली तेव्हा माळ लावली होती त्यांनी."

हे ती दीड महिना बोलली नव्हती. का, असं विचारलं तर म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. आणि त्या दिवसांत असं बोललं असतं तर मलाच म्हटलं असतं, तू त्यांची."

युद्धाच्या दिवसांत पहिली पायरीच सगळ्यांत अवघड, हे इतकी वर्षं शिकवून मला आज कळलं. एरवी आम्ही ती दहा मिनिटांत उरकतो. 'तू आळशी आहेस' हे मत, 'तू आज तीनदा उशिरा आलास' हे निरीक्षण, असे नमुने देतो आणि पुढे जातो. जिथे अफवेवर माणसाचं दार बंद होतं तिथे मात्र पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवणं हेच अर्धं काम आहे. पुढच्या प्रशिक्षणात या एका पायरीला पूर्ण दिवस द्यायचा.

मला वाटलं होतं, आता जिजी विरघळेल. ती विरघळली नाही. उठून पदर झटकला आणि म्हणाली, "फटाका कोनी बी फोडा. माले तं बंदूक वाटनी."

व्हरांड्यात पहिल्यांदाच कुणीतरी भावना बोललं होतं. मी तिला काहीच समजावलं नाही. एवढंच विचारलं, "जिजी, त्या रातले तुम्ही एकट्याच होता?" ती पुन्हा बसली आणि बराच वेळ बोलली. सून माहेरी गेलेली. दर तासाला फोन लावायचा, बाई बोलायची की संपर्क होत नाही. टीव्ही लावला तर भीती, बंद केला तर जास्त भीती. पहाटे अंगणात जाऊन आभाळाकडे बघायची, जणू पूंछचं आभाळ तेच आहे.

आसपासच्या बायकांतल्या दोघी रडल्या. त्यांच्याही घरची पोरं तिकडेच. गल्लीत राहून एकमेकींना हे सांगितलं नव्हतं.

६ जुलै

यंदा आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी. मंदिरात भजन, मोहल्ल्यात सरबत. बैठक ठेवली नाही. आशाताई म्हणते, दोन्हीकडची मंडळी आपापल्या वाटेने गेली, काही झालं नाही. 'काही झालं नाही' हेसुद्धा इथे नोंदवण्यासारखं आहे.

२० जुलै

आज माझ्या हातून चूक झाली.

चाचीकडे एकटीच गेले. तिचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बांगड्यांचे डबे छतापर्यंत रचलेले, रंगांप्रमाणे दोऱ्यात ओवलेले जोड. मे आणि जून, दोन्ही महिने तिने शेजारच्या गावांवर काढले. या गावात ती अजून गल्लीत आलेली नाही.

मी जिजीच्या त्या चार रात्रींबद्दल सांगायला लागले. फोन लागत नव्हता, सून माहेरी होती, वगैरे. आणि मग म्हणाले, "तुम्ही जर तिच्याशी शांतपणे बोललात..."

तिने मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही. "ताई, टोपली कोणाची परत गेली?"

"तुमची."

"मग समजून कोणी घ्यायचं, तेही मीच? माझं काय चुकलं ते सांगा. सापडलं तर मी गोड बोलते."

मला उत्तर नव्हतं. या पद्धतीवर जी रास्त टीका होते ती हीच : ज्याला लागलंय त्यालाच नीट शब्दांत, हळू आवाजात बोलायला सांगायचं, आणि मग तो तसा बोलला नाही की त्याचंच चुकलं म्हणायचं. मी ही टीका कितीदा दुसऱ्यांना समजावून सांगितली आहे, आणि आज स्वतः तेच केलं. मी जिजीकडे महिनाभर ऐकत बसले होते आणि चाचीकडे पहिल्याच भेटीत मागायला गेले.

मी माफी मागितली. मग गप्प बसून राहिले. तिने चहा ठेवला, बऱ्याच वेळाने बोलली. परत आली त्या दिवशी टोपली उतरवताना हात थरथरले आणि हिरव्या बांगड्यांचा एक अख्खा दोरा फुटला. नवऱ्याला सांगितलं, ठेच लागली. मुलगा सुरतेला कामाला आहे. त्याला फोनवर सांगितलंच नाही, तो रागावून आला असता तर काय झालं असतं या भीतीने. म्हणजे तीसुद्धा पोरासाठीच घाबरलेली. पण हे जोडून दाखवायचा मोह मी आवरला. ते मी दाखवायचं नाही. दिसलं तर त्यांचं त्यांना दिसेल.

निघताना विचारलं, "काय जोयजे तुम्हाले?"

"इज्जत," ती म्हणाली. "बाकी धंदा दुसऱ्या गावात बी होतो."

३ ऑगस्ट

कानबाई, खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. खानदेशी माणूस कुठेही असो, या रविवारी घर गाठायला बघतो. जिजीचा मुलगा रजेवर आला आहे. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, गव्हात जिजीने घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची मूठ घातली, तेव्हा याची रजा मंजूर झालेली नव्हती. तरी त्याची मूठ तिने आधीच घातली होती, असं सून सांगत होती. सुनेला सातवा महिना लागेल आता.

संध्याकाळी ओट्यावर त्याने मला गाठलं. सरळ प्रश्न केला, रागाने नाही. "मॅडम, तुम्ही अहिंसा शिकवता. मग मी तिकडे काय करतो, पाप?"

असा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी पोटात गोळा आला. मी रोझेनबर्ग यांनी केलेला भेद सांगितला. बळ वापरण्याचे दोन हेतू असतात. एक, कुणाला वाचवण्यासाठी : पोर रस्त्यावर धावत सुटलं तर त्याचा हात घट्ट धरून आपण मागे ओढतो. दुसरा, अद्दल घडवण्यासाठी : त्याच पोराला मागे ओढल्यावर थोबाडीत देतो. पहिलं नाकारलेलं नाही. दुसऱ्यापासून सावध राहायला सांगितलंय, कारण तिथे समोरचा वाईटच आहे हे आधी ठरलेलं असतं.

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "हात ओढायचा आणि थोबाडीत मारायची, हे तिथे एका सेकंदात असतं. पण इथे, गावात, तुमच्याकडे वेळ असतो." थोडं थांबून, "चाची का नाही आली यंदा? मी येताना तिच्या पोराला सुरतेत भेटून आलो, त्यालाही काही माहीत नव्हतं."

जिजी दाराआड उभी होती. तिने ऐकलं.

चाची येत नाही हे त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. रात्री जागरणाला बसले तेव्हा मायलेक मागच्या अंगणात बोलत होते, हळू आवाजात, खूप वेळ.

१० ऑगस्ट

जिजीचा निरोप : सुनेचं डोहाळजेवण २४ तारखेला आहे, हिरवा चुडा भरायचा आहे, चाचीला घेऊन या.

मी नाही म्हटलं. आशाताई रागावली, इतकं जमून आल्यावर आता अडवता का म्हणून. पण चौथी पायरी दुसऱ्याने करायची नसते. मागणं ज्याचं त्यानेच मागायचं, आणि समोरचा नाही म्हणू शकतो हे पत्करून मागायचं. नाही म्हणायची मोकळीक नसेल तर ती विनंती नसते, हुकूम असतो. जिजीला मी एवढंच म्हटलं, "तुम्ही निघालात तर मी सोबत येईन. बोलणार नाही."

१७ ऑगस्ट

जिजी निघाली. पायात चप्पल नव्हती, माझ्या ते वाटेत लक्षात आलं.

चाचीच्या दारात ती उभीच राहिली. आम्ही व्हरांड्यात घोकलेल्या पायऱ्यांपैकी एकही तिने क्रमाने घेतली नाही. म्हणाली, "मना पोऱ्या तथा व्हता. चार रात माले झोप नही. तोंडले जे उनं ते बोली गऊ." आणि मग मराठीत, जणू परक्या माणसाशी बोलतेय अशी : "तुमची काही चूक नव्हती."

चाची डबे पुसत होती. फडकं थांबलं नाही. "जिजी, तीन महिने झाले. एकदा तरी विचारायचं होतं, चाची जिवंत आहे का."

जिजीने मान खाली घातली. मी बोलायचं नाही असं ठरवून आले होते. ते पाळणं कठीण गेलं.

मग चाची म्हणाली, "मी येईन. पण दुपारी गुपचूप नाही येणार. संध्याकाळी येईन, सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असते तेव्हा. परत पाठवलं ते सगळ्यांसमोर. आता हाक मारायची तीही सगळ्यांसमोर मारा."

इतकी नेमकी मागणी मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकली नाही. काय हवं, कधी, कोणी करायचं, सगळं त्यात होतं. जिजीला ते जड गेलं, चेहऱ्यावर दिसत होतं. तिला वेळ लागला. मग म्हणाली, "मारसू हाक."

निघताना चाचीने मागून विचारलं, "सुनेचं माप काय?"

"दोन-चार."

"सातव्या महिन्यात हात सुजतात. दोन-सहा आणते."

२४ ऑगस्ट

संध्याकाळी सहाची वेळ. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका. चाची गल्लीच्या तोंडाशी दिसली, डोक्यावर टोपली. जिजी पायरी उतरून रस्त्यात आली आणि तिने हाक मारली. आवाज चिरकला, म्हणून दुसऱ्यांदा मारली. दुसरी हाक शेवटच्या घरापर्यंत गेली.

चाचीने सुनेचा डावा हात मांडीवर घेतला. आधी तळवा दाबला, मग अंगठा आत वळवून चारही बोटं एकत्र केली आणि पेरांवरून एकेक बांगडी सरकवत नेली. सांध्याशी आली की थांबायची, हात ढिला सोड म्हणायची, आणि पोरीने श्वास सोडला की बांगडी पार. जिजी शेजारी बसून मोजत होती. सातवीला तडा गेला. जिजीचा हात तोंडावर गेला, घरातला माणूस रजा संपवून परवाच परत गेलेला. चाचीने मान वर न करता म्हटलं, "वाढली. होतं असं," तुकडे पदरात घेतले आणि टोपलीतून एक काढली. जास्तीच्या आणल्या होत्या तिने.

पैसे जिजीने पूर्ण दिले, चाचीने पूर्ण घेतले. समोरच्या ओट्यावरून दोघींनी टोपली इकडे आणा म्हणून हाक मारली. तीन घरांची दारं बंदच राहिली, त्यांत तो मजकूर फिरवणाऱ्या पोराचं घर आहे.

पुढची बैठक गणपतीनंतर, १४ सप्टेंबरला. जागा बदलायची : शाळेचा व्हरांडा गल्लीच्या बाजूला पडतो, मोहल्ल्यातल्या बायका तिथवर येत नाहीत. आशाताई आरोग्य उपकेंद्राचं विचारून ठेवते आहे. त्या पोराला बोलवायचं की त्याच्या घरी जायचं, हे नानांशी बोलून ठरवायचं. बोंडं पुन्हा लागतील, जुनी फुटली आहेत.